लाल म्हणजे ऊन

"हरामी?" टिळेकरकाकूंच्या हातातली पोह्यांची बशी माझ्यासमोर यायची ती वाटेतच थांबली. "अहो, लेकीसारखी पोर घरी येते अन् तिला हे वाचायला लावताय?"

"शिवी नाही गं ती," सोपानकाका चष्म्यावरून बघत म्हणाले. "जपानी आहे."

"शिवीला काय देश असतो?"

मी घाईघाईने वही त्यांच्याकडे वळवली. "काकू, जपानीत हरामी म्हणजे पोटुशी. ही बघा, ही मोठी मेणबत्ती, आणि तिच्या पोटात ही बारकी."

काकूंनी वाकून नीट पाहिलं. मोठ्या निळ्या चौकटीशेजारी, तिच्या उंचीच्या आतच मावेल एवढी एक चिमुकली लाल चौकट काढलेली होती. काकूंनी बशी खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "कितवा महिना?"

सोपानकाका इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

दोन हजार तीन सालचा मार्च होता. मी सव्वीस वर्षांची होते. कर्वे रस्त्यावरच्या एका संस्थेत सकाळ-संध्याकाळ जपानी शिकवायचे आणि दुपारी मिळेल ते भाषांतर करायचे. सोपान टिळेकर एक दिवस संस्थेत येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं टूलरूममध्ये होते आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. चौऱ्याऐंशी साली कंपनीने त्यांना सहा महिने जपानला, हामामात्सुला, शिकायला पाठवलं होतं. तिथे ओकुमुरा नावाच्या माणसाच्या शेजारच्या मशीनवर ते काम करायचे. ओकुमुरा डबा खाता खाता एका वहीत शेअरच्या भावाच्या मेणबत्त्या काढायचा. निरोपाच्या दिवशी त्याने तीच वही काकांच्या हातात ठेवली. मेणबत्त्यांशेजारी बारीक अक्षरात त्याची टिपणं होती. काकांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. एकोणीस वर्षं वही कपाटात पडून राहिली.

"आता वेळ आहे," ते मला म्हणाले होते. "आणि शेअरही आहेत. कंपनीचेच. तीनशे. दोन वर्षं नुसते पडतायत. विकू का ठेवू, काही सुधरत नाही. ही म्हणते, विका, दळणाची घरघंटी घेऊ. मी म्हटलं, आधी ओकुमुरा काय म्हणतोय ते तरी बघू."

तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी मी स्कूटीवरून हडपसरला जायचे.

मेणबत्त्यांचं गणित काकांनीच मला समजावलं. एका दिवसाची एक मेणबत्ती. सकाळी भाव जिथे उघडला आणि संध्याकाळी जिथे बंद झाला, त्या दोन भावांमधलं तिचं अंग. दिवसभरात भाव वर कुठवर जाऊन आला आणि खाली कुठवर, ते दाखवणाऱ्या वर-खाली दोन वाती. चढाचा दिवस एका रंगात, उताराचा दुसऱ्या. "बाजाराचा मूड पालटायच्या आधी या मेणबत्त्यांचा आकार बदलतो म्हणे," काका म्हणाले. "म्हणजे कसं, बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो ना, तसं."

ते रोज सकाळी गुलाबी पेपर आणायचे आणि आलेखाच्या कागदावर, टोकदार टूएच पेन्सिलीने, पट्टीला भिंग लावून आपल्या शेअरची मेणबत्ती काढायचे. अर्धा मिलिमीटर चुकला तर खोडून परत. टीव्हीवर असतात तसेच रंग: चढाला हिरवा, उताराला लाल.

ओकुमुराच्या वहीत मात्र लाल आणि निळा असे रंग होते.

चूक झाली ती पहिल्याच दुपारी. वहीच्या पहिल्या पानावर एक लाल मेणबत्ती होती आणि एक निळी, शेजारी एकेकच अक्षर. मी उन्हातून आले होते. मार्च असूनही डांबर भाजत होतं, ओढणीने तोंड बांधूनही कान पोळले होते. काकूंनी दिलेलं पाणी पीत मी वाचलं, "लाल म्हणजे ऊन. निळी म्हणजे सावली."

"ऊन," काका म्हणाले. "ऊन म्हणजे पोळणं. म्हणजे उतार. आणि सावली म्हणजे सुख. चढ. टीव्हीवर पण लाल म्हणजे उतारच. बरोबर ना, बाई?"

ते मला बाई म्हणायचे. त्यांच्यासारखा पिकल्या केसांचा माणूस समोर बसून, पेन्सिल रोखून, "बरोबर ना, बाई?" असं विचारत होता. मी मान हलवली.

माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसायला एक कारणही घडलं. वहीत एक मेणबत्ती होती, अंग लहान आणि खालची वात लांबलचक. शेजारच्या शब्दाचा अर्थ मी सांगितला, "पाण्यात दोर सोडून ठाव घेणं." काकांना ते फार आवडलं. "भाव तळाला जाऊन हात लावून वर आला!" आणि पंधरवड्यातच त्यांच्या कागदावर अगदी तशीच मेणबत्ती उतरली. पुढचे सहा दिवस भाव हळूहळू वर गेला, मग पुन्हा ढेपाळला. पण ते सहा दिवस काकांनी साऱ्या आळीला सांगितले. एवढंच नाही, कारखान्याच्या मॅनेजरांनाही सांगितलं. कारखान्यात आता जपानी पाहुणे नेहमी येणार होते आणि तिथे कायमचा दुभाष्या हवा होता. "आमच्या बाईंना बोलवा," काका म्हणाले. "त्या चुकत नाहीत." मुलाखत गुरुवारी ठरली. मला तोवर कोणी पक्की नोकरी देऊ केली नव्हती.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी काकांचा फोन आला.

"बाई, मिठी पडली!"

कोणाला काय झालं, हे कळायला मला क्षण लागला. मग आठवलं. वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर 'मिठी' नावाच्या दोन जोड्या होत्या. एका पानावर लहान निळी आणि तिला पूर्ण कवेत घेणारी मोठी लाल. खाली टिपण, 'आत या.' दुसऱ्या पानावर लहान लाल आणि तिला कवेत घेणारी मोठी निळी. खाली, 'बाहेर पडा.'

"काल बारकी, उताराची," काका सांगत होते. "आज भली दांडगी, चढाची. कालच्याला अशी वरखाली दोन्हीकडून गिळून बसलीय. म्हणजे लहान लाल, मोठी निळी. बाहेर पडा. हो ना?"

"तसंच लिहिलंय, काका."

"एवढा भाव चढला आणि हा बाहेर पडा म्हणतो. विचित्रच आहे." पलीकडे कागद सळसळला. "पाया पक्का आहे ना आपला? लाल म्हणजे उतार?"

"हो."

"मग सोमवारी बाजार उघडला की तीनशेच्या तीनशे काढतो. हिचंही मन राहील."

फोन ठेवला आणि मी भाजी निवडायला बसले. मला काहीही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते.

रविवारी सकाळी माझी तिसऱ्या पातळीची तुकडी असायची. स्वभाव सांगणारे शब्द चालले होते. मी फळ्यावर लिहिलं, 'योकी', आनंदी, हसरा. खाली लिहिलं, 'इन्की', कुढा, उदास. पहिल्या बाकावरच्या दमयंती सोहनींनी हात वर केला. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई कुठलीच गोष्ट सोडायच्या नाहीत.

"मॅडम, 'योकी'तलं पहिलं अक्षर म्हणजे ऊन ना? आणि 'इन्की'तलं सावली?"

"हो."

"म्हणजे त्यांच्याकडे उन्हाचा माणूस चांगला आणि सावलीचा वाईट? आपल्याकडे उलट की हो. आपण म्हणतो, अमक्याची सावली लाभली."

वर्ग हसला. माझ्या हातातला खडू तिथेच राहिला. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे ऊन म्हणजे काय असणार? चढ असणार. वाढ असणार.

तास कसाबसा संपवून मी ग्रंथालयातला मोठा जपानी कोश काढला. 'ऊन-रेघ' असा शब्दच त्यात होता. अर्थ दीड ओळीचा: दिवस उघडला त्यापेक्षा वरच्या भावाला बंद झाला, तर काढायची मेणबत्ती. मी तो तीनदा वाचला. लाल म्हणजे चढ. ओकुमुराने चढ लाल रंगात काढला होता आणि उतार निळ्या. काकांच्या कागदावरची मिठी म्हणजे 'बाहेर पडा' नव्हतीच. ती 'आत या' होती.

मी काकांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुपारी लावला, चारला लावला. सहाला शेजारच्यांकडे लावला तेव्हा कळलं की दोघं यवतला भाचीच्या लग्नाला गेली आहेत, रात्री मुक्काम तिथेच. "सकाळी काका परस्पर ब्रोकरकडे जाणार म्हणत होते," शेजारीण म्हणाली.

त्या संध्याकाळी मी काय काय विचार केले, ते सगळे सांगण्यासारखे नाहीत. एक सांगते. मला वाटलं, हे कोणाला कळणार आहे? या मेणबत्त्या निम्म्या वेळा खोट्याच ठरतात, असं काका स्वतः म्हणायचे. सोमवारी शेअर विकले आणि पुढे भाव वर गेला, तरी ते म्हणतील, ओकुमुरा चुकला. ओकुमुरा काही हामामात्सुहून सांगायला येणार नव्हता. आणि गुरुवारी माझी मुलाखत होती.

सोमवारी सकाळी मी आठच्या तुकडीला सुट्टी दिली आणि स्कूटी काढली.

ब्रोकरचं ऑफिस हडपसरच्या गाडीतळाजवळ एका मिठाईच्या दुकानावर होतं. मी जिना चढले तेव्हा बाजार उघडून दहा मिनिटं झाली होती. लांबट खोली, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, चारपाच नेहमीची माणसं आणि टोकाला कॉम्प्युटरसमोर बसलेले जगदाळे. त्यांच्याशेजारी सोपानकाका. लग्नातला फेटा तसाच फाइलवर ठेवलेला होता.

"अरे! बाई तुम्ही?" त्यांनी उठून मला खुर्ची दिली. "बघायला आलात होय? बसा. ब्याऐंशी रुपयांना लावलेत तीनशे. चाळीस गेले."

"काका, थांबवा."

"काय झालं?"

"विकू नका. माझं चुकलं."

"सत्तर," जगदाळे पडद्याकडे बघत म्हणाले.

"लाल म्हणजे उतार नाही," मी म्हणाले. खुर्च्यांवरची माणसं आता माझ्याकडे बघत होती. "लाल म्हणजे चढ. निळा म्हणजे उतार. जपानमध्ये आपल्या उलट आहे. तुमची मिठी त्या समोरच्या पानावरची आहे. आत या म्हणणारी."

"पण तुम्ही तर सांगितलं..."

"सांगितलं. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मला माहीत नव्हतं."

"एकशे दहा," जगदाळे म्हणाले. "काका, काय करू? भाव वर सरकतोय, राहिलेलेही आत्ता जातील."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनवरून उतरलेला एखादा जॉब तपासताना बघावं तसं, रागावून नाही आणि मायेनेही नाही. मग जगदाळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहिलेले रद्द कर."

"नक्की?"

"रद्द कर म्हटलं ना."

कळ दाबल्याचा आवाज झाला. एकशे नव्वद राहिले होते.

आम्ही खाली उतरलो. समोर रसवंती होती. काकांनी दोन ग्लास रस सांगितला आणि बाकावर बसले. चरकाची घुंगरं वाजत होती. रस आला. त्यांनी अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवला.

"पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हाच तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मान का हलवली?"

"तुम्ही बाई म्हणालात," मी म्हणाले. "तुमच्या एवढ्या वयाच्या माणसाने विचारलं आणि आपल्याला येत नाही म्हणायचं, याची लाज वाटली. मला वाटलं, ऊन म्हणजे त्रासच असणार. मी नुकतीच उन्हातून आले होते."

त्यावर ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"आणि कळलं कधी?"

"काल सकाळी. दिवसभर फोन लावत होते."

त्यांनी फाइल उघडली, ओकुमुराची वही काढली, पहिलं पान माझ्यापुढे ठेवलं आणि खिशातली एक पेन्सिल दिली. "आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये चूक निघाली तर ड्रॉइंग फाडत नाहीत," ते म्हणाले. "कोपऱ्यात चौकट असते. काय बदललं, कोणी बदललं, तारीख. खाली सही. नाहीतर पुढचा माणूस जुन्याच मापाने धातू कापत बसतो. लिहा."

मी लिहिलं. 'लाल: चढ. निळा: उतार. आधीचा अर्थ चुकीचा.' खाली नाव, शलाका केंजळे, आणि तारीख. अक्षर वाईट आलं. काकांनी ते वाचलं, वही मिटली आणि उरलेला रस एका घोटात संपवला.

"चला घरी," ते म्हणाले. "आता खरी परीक्षा. हिला सांगायचंय."

घरी काकू नुकत्याच यवतहून येऊन पिशव्या सोडत होत्या. काकांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी दारातच उभी होते. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एकशे दहा विकले?"

"विकले."

"चुकून?"

"चुकून."

"दोन वर्षं मी नीट सांगतेय तर एक विकला नाही," त्या माझ्याकडे वळल्या, "अन् तू चुकीचं सांगितलंस तर एकशे दहा गेले. बस बाई, चहा करते. आधीच चुकली असतीस तर माझी घरघंटी दिवाळीलाच आली असती."

घरघंटी त्याच महिन्यात आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती गरगरायला लागली, की ओट्यावरचे पेले थरथरायचे आणि आम्ही वाचायचं थांबायचो. राहिलेल्या एकशे नव्वदांचा भाव पुढे वाढला. एकदम नाही; मध्ये दोन महिने रेंगाळला, मग वाढला, आणि काकांनी ते तसेच ठेवले. मिठीमुळे वाढला की साऱ्या बाजाराबरोबर वाढला, हे मला आजही सांगता येणार नाही.

गुरुवारच्या मुलाखतीला मी जाणारच नव्हते. काकांनी पाठवलं. समोरच्या मॅनेजरांनी कागद बाजूला सारून विचारलं, "टिळेकर तुमच्याबद्दल आधी म्हणाले होते, या चुकत नाहीत. मंगळवारी पुन्हा फोन करून म्हणाले, शब्द मागे घेतो. या चुकतात, पण चुकल्या की सगळं विकायच्या आत येऊन सांगतात. हे विकायचं काय प्रकरण आहे?"

मी सगळं सांगितलं. त्या कारखान्यात मी चौदा वर्षं होते.

वहीचं वाचन पावसाळाभर चाललं. प्रत्येक पान आता हळू व्हायचं, कारण ज्या शब्दाची खात्री नसे त्याच्याखाली मी रेघ मारायचे आणि दुसऱ्या दिवशी कोश बघून यायचे. काकाही विचारताना "बरोबर ना?" म्हणायचे बंद झाले. "नक्की की अंदाज?" असं विचारायचे. मी निम्म्या वेळा "अंदाज" म्हणायचे, आणि ते वहीत तसं लिहून ठेवायचे.

ऑगस्टअखेर शेवटचं पान आलं. त्यावर लहान-मोठ्या पाच मेणबत्त्या होत्या आणि खाली एकच लांब ओळ. अक्षरं एकमेकांत शिरलेली. मी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली, उलटी धरून पाहिली, भिंगातून पाहिली.

"काका, हे मला येत नाही."

"अंदाज?"

"अंदाजही नाही."

वही बंद करायला हवी होती. पण शेवटच्या पानावर एवढी मोठी ओळ म्हटल्यावर काकांना चैन पडेना. सगळ्या मेणबत्त्यांचं मर्म त्या एका ओळीत असणार, असं त्यांनी मनात घेतलं. मला बघवेना. मी म्हणाले, "काका, आपण त्यांनाच विचारू या ना."

"ओकुमुराला? असेल का तो?"

पत्ता जुनाच होता. मी जपानीत पत्र लिहिलं, काका सांगत गेले तसं. मुलं, निवृत्ती, काकूंचे गुडघे, ठाव घेणारी मेणबत्ती, मिठीचा घोळ, सगळं. सोबत त्या पानाची झेरॉक्स जोडली. काकूंनी पाकिटात लोणच्याची पुडी घालायचा हट्ट धरला, तो मोठ्या कष्टाने मोडला.

नवरात्रात उत्तर आलं. काकांनी पाकीट फोडलं नव्हतं. मी येईपर्यंत टीव्हीवर ठेवलं होतं. मी मधल्या खोलीत बसले, समोर दोघं. पत्र शाईचं, सुवाच्य, म्हाताऱ्या हाताचं होतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"टिळेकर-सान. तुम्ही आहात हे वाचून मी दोनदा उठून उभा राहिलो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बायको आहे, दात नाहीत. तुम्ही वही वाचलीत, याचं आश्चर्य वाटलं. मी त्या मेणबत्त्यांवर फारसं कमावलं नाही. थोडं घालवलंही. पण काढायला मला फार आवडायच्या. तुमच्या आलेखाच्या कागदाचा एखादा तुकडा पाठवा, तुमची रेघ बघायची आहे."

काका पुढे सरकून बसले होते. "आणि ती ओळ?"

मी पान उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं, कारण आता मला खात्री केल्याशिवाय सांगायची सवय राहिली नव्हती.

"ते म्हणतात, शेवटच्या पानावरची ओळ मी चष्मा लावून वाचली. भिंग घेऊन वाचली. बायकोला दाखवली, दोन्ही मुलांना दाखवली. अक्षर माझंच आहे, यात शंका नाही. पण काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नाही."

काकू पदर तोंडाला लावून गदगदून हसायला लागल्या, आणि काका, इतके दिवस ज्या ओळीने त्यांना झोप दिली नव्हती तिच्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"संपलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एक वाक्य आहे," मी म्हणाले. "नक्की आहे, अंदाज नाही. तुमच्या बाईंना ती ओळ कधी लागली, तर मला जरूर कळवा."